शनिवारचा वर्ग

४ जानेवारी, शनिवार

प्राचार्यांनी अखेर होकार दिला. एफ.वाय.बी.कॉम.ला गणित-संख्याशास्त्रात यंदा निम्म्याहून जास्त मुलं नापास आहेत. स्टाफरूममध्ये सगळे म्हणतात, ही बॅचच अशी. मला ते पटत नाही. सव्वीस वर्षं शिकवतेय. कुठलंही पोर मुळात ढ नसतं, कुठेतरी त्याची एक पायरी निसटलेली असते. ती शोधून द्यायची. दर शनिवारी एक ते तीन, खोली नंबर चौदा. फलक मीच लिहिला, 'नापास विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शन वर्ग', आणि खाली सगळ्यांची नावं.

संध्याकाळी चहाला घरी सांगितलं. हे खूश झाले. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यापासून ह्यांना कशाचंही कौतुक वाटतं. निकेत म्हणाला, "कोणी येणार नाही, आई."

"का?"

"आपण नापास झालोय हे सगळ्या कॉलेजला दाखवायला कोण येईल?"

"तुला काय ठाऊक नापास होणं!" मी हसून म्हटलं. दहावीला त्र्याण्णव टक्के, आता मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला. त्यानं कप उचलला आणि बेसिनपाशी गेला. हे टीव्हीचा रिमोट शोधायला लागले. रिमोट त्यांच्या मांडीवरच होता.

११ जानेवारी, शनिवार

पाच जण आले. चौसष्टातले पाच. त्यातल्या दोघी चुकून आल्या होत्या, त्यांना ग्रंथालय हवं होतं.

निकेतला सांगितलं नाही. त्याचं खरं ठरलं हे जिभेवर यायला हवं ना.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. शेजारच्या हंसाबेन तिळगूळ घ्यायला आल्या. "निकेत का इंजिनियरिंग तो अब खतम होने को आया ना?" मी म्हटलं, "अभी एक साल है. फिर कॅम्पस में ही नोकरी लगेगी." निकेत तिथेच होता. त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवताना त्याच्या बोटांवर बारीक बारीक चिरा दिसल्या. नंतर विचारलं तर म्हणाला, "वर्कशॉप प्रॅक्टिकल असतं ना, पत्रा लागतो." हळद लावायला बोलावलं, आला नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

आज हरले आणि निकेतला विचारलंच. म्हटलं, पोरं येत नाहीत रे, काय करू? तो बूट काढत होता. तसाच एक बूट पायात ठेवून बसला आणि दहा मिनिटं बोलला. एवढं तर तो वर्षात बोलला नसेल.

"पहिलं म्हणजे ती यादी काढ. 'नापास' हा शब्द काढ. आणि पहिल्या दिवशी गणित शिकवू नको. त्यांना विचार, कुठून कळेनासं झालं. नापास झालेल्याला तेच कोणी विचारत नाही. सगळे एवढंच विचारतात, का नाही झालास पास."

"आणि हजेरी?"

"घेऊ नको. मागच्या दाराने आले तर येऊ दे. मागच्या दाराने गेले तरी जाऊ दे. जो एकदा सुटला ना आई, तो वर्गात नुसता येऊन बसला तरी खूप केलं त्याने."

हुशार मुलाचं असंच असतं, दुसऱ्याचं दुखणंही त्याला बरोबर कळतं. मला फार अभिमान वाटला.

२५ जानेवारी, शनिवार

एकोणीस!

१ फेब्रुवारी, शनिवार

साईराज म्हात्रे म्हणून एक मुलगा आहे, भाईंदर पूर्वेच्या खारी गावातला. उंचापुरा, शेवटच्या बाकावर अंग चोरून बसतो. आज सगळे गेल्यावर टेबलापाशी आला. "मॅडम, खरा सांगू? मना सातवीपासून भागाकारच येत न्हाय. मोबाइलवर करतंय."

एकोणिसाव्या वर्षी हे सांगायला किती धीर लागला असेल. मी त्याच्याशेजारी बाकावर बसले आणि भागाकार मांडला. चारदा चुकला, चारदा नव्याने मांडला. पाचव्यांदा जमला तेव्हा तो हसला, आणि मला वाटलं, ह्याच्यासाठीच तर इतकी वर्षं उभी राहिले फळ्यापुढे.

त्या आनंदात घरी आले तर चिरंजीव दुपारी साडेचारला झोपलेले. कॉलेजला सुट्टी म्हणे. "खारीगावातली पोरं शनिवारी येऊन बसतात, आणि तुला सगळं हातात मिळालंय तर लोळतोयस!" असं बरंच बोलले. तो उठून तोंड धुऊन पुस्तक घेऊन बसला. पान उलटल्याचा आवाज मात्र आला नाही. जरा जास्तच बोलले का? पण न बोलून कसं चालेल.

१५ फेब्रुवारी, शनिवार

बत्तीस जण. बाकं कमी पडली.

वर्ग संपल्यावर आमचे शिपाई लवू म्हणाले, "मॅडम, तुमचा निकेत इलो होतो काय? बाहेर जिन्यापाशी अर्धो तास उभो होतो." मी म्हटलं, छे, त्याचं आज प्रॅक्टिकल आहे. लवूंचा मोतीबिंदू आता काढायला हवा. एवढ्या वर्षांची ओळख, तरी कुठल्याही पोराला निकेत म्हणतात.

२३ फेब्रुवारी, रविवार

हल्ली बाप-लेक संध्याकाळी फिरायला जातात. मी आतून बाहेर आले की दोघांचं बोलणं थांबतं. पुढच्या महिन्यात माझा वाढदिवस आहे. काहीतरी शिजतंय. मला कळलंय हे दाखवणार नाही.

८ मार्च, शनिवार

महिला दिनानिमित्त कॉलेजात माझा सत्कार झाला. प्राचार्य म्हणाले, "साळवी मॅडमनी अडतीस मुलांचं भविष्य हातात घेतलं." शाल, श्रीफळ, फोटो.

नंतर साईराज अभिनंदन करायला आला. सहज विचारलं त्यानं, "मॅडम, निकेत साळवी तुमचा कोन?"

"मुलगा. तू कसा ओळखतोस?"

"आमच्या काकाच्या गाल्यान हाय ना कामाला! स्टीलच्या डब्यांचा गाला. सगला माल तोच पाठवतो. लय भारी काम हाय दादाचा." मग माझ्या तोंडाकडे बघून तो गप्प झाला.

मी म्हटलं, हो, इंटर्नशिप असेल. शाल घेऊन घरी आले. निकेतला विचारलं नाही. ह्यांनाही नाही. सुट्टीच्या दिवशी अनुभव म्हणून जात असेल. हल्लीची मुलं जातात.

१० मार्च, सोमवार

पहिलं लेक्चर सोडून भाईंदर पूर्वेला गेले. साईराजने सांगितलेला गाळा सापडायला वेळ लागला. त्या गल्लीत सगळेच गाळे सारखे, आत पत्रा कापल्याचा आणि पॉलिशचा आवाज, बोललेलं ऐकू येत नाही. सोमवारी सकाळी दहाला माझा मुलगा तिथे उभा होता. कॉलेजची बॅग खिळ्याला टांगलेली. डब्यांच्या थप्प्यांमध्ये उभा राहून तो खडूने आकडे टाकत होता आणि टेम्पोवाल्याशी हसून बोलत होता. कोणीतरी हाक मारली, "ए इंजिनियर, बिल्टी किधर है?" आणि त्यानं न बघता खिशातून माल पाठवल्याचा कागद काढून दिला.

त्याला एवढं मोकळं हसताना मी केव्हा पाहिलं होतं?

मग मी दिसले. त्याचं हसू गेलं. शेजारच्या मुलाला म्हणाला, "मम्मी है." खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. पाहुण्यासारखा. मी उभीच राहिले. "घरी बोलू आई," तो म्हणाला, "इथे नको. ही माणसं चांगली आहेत."

११ मार्च, मंगळवार

काल संध्याकाळी बोललो. जसं झालं तसं लिहिते.

दुसऱ्या वर्षाच्या पाच विषयांत तो अडकला. तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळालाच नाही. मागच्या जुलैत. तेव्हापासून तो रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचा. आधी वाचनालयात, बागेत, कुठेही. गेल्या गणपतीपासून गाळ्यात. मार्कशीट मागितली की ती ऑनलाइन असते म्हणायचा आणि मला ते पटायचं. मला, जिने आयुष्यभर मार्कशीटच तपासल्या.

मी ह्यांच्याकडे वळले. "ऐकताय ना?" हे खाली बघत होते. आणि मला कळलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या आठवड्यापासून," हे म्हणाले. "रडत आला होता गं माझ्याकडे, पोस्टात. म्हणाला, आईला सांगू नका."

मग माझा तोल गेला. मी म्हटलं, तिकडे माझा सत्कार करतायत आणि इकडे माझ्या घरात हे. म्हटलं, उद्या कॉलेजात मी कुठल्या तोंडाने जाऊ. म्हटलं, भांडी मोजायला तुला वाढवला का. हे सगळं मी म्हटलं. म्हटलं ते म्हटलं.

निकेत ओरडला नाही. म्हणाला, "मी आलो होतो तुझ्या कॉलेजात. पंधरा फेब्रुवारीला. तुला सांगायचंच ठरवून आलो होतो. बाहेर उभा राहून ऐकत होतो. एक मुलगी तेच तेच विचारत होती, तू तेच तेच सांगत होतीस. एकदाही आवाज चढला नाही तुझा. म्हणालीस, चुकू दे, चुकल्याशिवाय मला कळणार कसं तुझं कुठे अडतंय."

"मग आत का नाही आलास?"

"चौथीत मला भागाकार जमत नव्हता तेव्हा तू वही फाडली होतीस, आई. मला वाटलं, आत आलो तर मला बघून तू परत तीच होशील." मग म्हणाला, "तिथली मॅडम खूप छान आहे गं. मी तिला ओळखतच नव्हतो."

वही फाडल्याचं मला आठवत नाही. खरंच आठवत नाही.

१६ मार्च, रविवार

चार दिवस रडण्यात गेले. पण नुसतं रडत बसून काय होणार? मी त्याच्या कॉलेजच्या विभागप्रमुखांना भेटून आले. जुलैत पुन्हा परीक्षेला बसता येईल. पाच विषय, सोळा आठवडे. आज वेळापत्रक केलं, विषयवार, तासवार, रविवारची उजळणी धरून. रंगीत पेनांनी. फ्रिजवर लावलं. गणित मी घेणार, बाकीच्यांना शिकवण्या लावू. गाळ्याच्या शेठला मीच फोन करून सांगेन म्हटलं.

निकेतने ते वेळापत्रक पाणी पिता पिता वरपासून खालपर्यंत वाचलं. "थँक यू आई," म्हणाला. ग्लास विसळून पालथा ठेवला.

किती दिवसांनी मला जरा हलकं वाटलं. गाडी रुळावर येईल.

२२ मार्च, शनिवार

वर्ग आटपून साडेतीनला घरी आले. हे एकटेच बसले होते, पुढ्यात मटाराच्या शेंगा. सोलत नव्हते.

"निकेत गेला," म्हणाले.

"कुठे?"

"वापीला. शेठचा तिकडे मोठा कारखाना आहे. स्टोअरचं काम दिलंय. राहायची सोय आहे. मी सोडून आलो स्टेशनवर."

"मला न सांगता?"

"तुझ्या वर्गाच्या वेळचीच गाडी घेतली त्याने. म्हणाला, आई समोर असली तर मला जाता येणार नाही."

मी ह्यांना काय काय बोलले ते लिहीत नाही. तीस वर्षांत कधी बोलले नव्हते. हे ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "नीलिमा, तू त्याला अजून एकदाही विचारलं नाहीस, त्याला काय हवंय. वेळापत्रक केलंस." आणि शेंगा सोलायला लागले.

३० मार्च, रविवार

पाडवा. तो आला नाही. ह्यांच्या मोबाइलवर मेसेज आला, 'बाबा, आई, पाडव्याच्या शुभेच्छा.' मला वेगळा नव्हता. गुढी ह्यांनी उभारली. श्रीखंड मी उगाच अर्धा किलो आणलं.

५ एप्रिल, शनिवार

शेवटचा वर्ग. पोरांनी केक आणला. आरोही नावाची मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमची मुलं किती लकी असतील ना!" मी केक कापला.

४ मे, रविवार

एकटीच वापीला जाऊन आले. ह्यांनी विचारलं, येऊ का? नको म्हटलं.

गाडीत बसल्यापासून वाक्य जुळवत होते. दोनच शब्द ठेवले शेवटी. चुकले मी. त्यापुढे 'पण' आणायचा नाही, असं स्वतःला दहादा बजावलं.

तो स्टेशनवर घ्यायला आला होता. बारीक झालाय, रापलाय. चौघांत एक खोली. माझ्यासाठी चादर नवी घातली होती, घडीच्या खुणा होत्या तिच्यावर. जवळच्या खानावळीतून थाळी आणली. मला पोळी वाढताना म्हणाला, "तुझ्यासारखी नाही." मग त्यानं स्टोअर दाखवलं. मालाची सगळी मांडणी त्याने बदलली आहे, कुठला डबा कुठे हे आता दोन मिनिटांत सापडतं. सांगताना डोळे चमकत होते. मला ते नीट कळलं नाही, पण मी मान डोलावत राहिले.

खोलीत परत आलो. बाकीचे तिघे मुद्दाम बाहेर गेले होते. हीच वेळ होती. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "पंखा पुसत जा रे. किती धूळ बसलीये."

"हो," तो म्हणाला.

मग आम्ही दोघं त्या पंख्याकडे बघत बसलो.

गाडीत बसवून दिलं त्यानं. खिडकीतून मी हात धरला तर त्यानं धरू दिला. बोटांच्या चिरा आता जाड झाल्यात, लागत नाहीत म्हणाला. "येत जा," मी म्हटलं. "येत जाईन," म्हणाला. गाडी सुटली. वाक्य माझ्याजवळच राहिलं.

१४ जून, शनिवार

निकाल. अडतीसपैकी एकतीस पास. साईराजला सत्तेचाळीस. आईला घेऊन आला होता. त्या माउलीने माझे हात हातात घेतले, "तुमच्यामुलं झाला ओ बाय, न्हाय तं हा सोडूनच देनार होता." साईराज पाया पडला. म्हणाला, "निकेतदादाला पयला फोन केला. तो इतका खूश झाला! एक्झामच्या आदल्या दिवशी पन त्याचाच फोन होता. बोलला, मॅडमनी जसा सांगितलाय तसाच मांड, घाबरू नको."

म्हणजे माझा मुलगा माझ्या विद्यार्थ्याशी बोलतो. माझ्यावर भरवसा ठेवायला सांगतो त्याला.

मी स्टाफरूमच्या बाथरूममध्ये जाऊन दार लावून घेतलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर रडले. बाहेर प्राचार्य पेढे वाटत होते.

१३ जुलै, रविवार

दर रविवारी अकरा वाजता त्याचा फोन येतो, ह्यांना. हे गॅलरीत जाऊन बोलतात. मी ओट्यापाशी काहीतरी घासत असते. शेवटी हे आत येऊन विचारतात, "देऊ का?" आणि फोन पुढे करतात. मी विचारते, जेवलास का? तो म्हणतो, हो. तू? मी म्हणते, हो. तो म्हणतो, बरं, ठेवतो.

आज ठरवलं होतं, त्याला विचारायचं, तुला काय हवंय. विचारलं मी. खरंच विचारलं. म्हणाला, "आता काही नको, आई. आता ठीक आहे."

रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं.

२ ऑगस्ट, शनिवार

नवी बॅच. फलकावर यादी नाही, 'नापास' नाही, हजेरी नाही. पहिल्याच दिवशी छप्पन्न आले. विद्यापीठाने म्हणे आमची पद्धत मागवली आहे. प्राचार्यांनी विचारलं, "ही कल्पना कशी सुचली, मॅडम?" मी म्हटलं, "मुलाने सांगितली." "वा! तोही प्राध्यापक होणार तर!" मी मान हलवली. कोणत्या दिशेने, ते मलाच माहीत नाही.

तीनला सगळे गेले तरी मनाली नावाची एक मुलगी बाकावरच बसून होती. गोडदेवला राहते. मी जवळ जाऊन बसले. म्हटलं, कुठे अडतंय? ती म्हणाली, "गणितात नाही, मॅडम. दोन्ही सेमिस्टरला मिळून सहा विषय राहिलेत. घरी माहीतच नाही. त्यांना वाटतं मी दुसऱ्या वर्षाला आहे." आणि ओढणी तोंडात कोंबून रडायला लागली.

मी तिला अभ्यासाबद्दल एक शब्द बोलले नाही. पाणी दिलं. म्हटलं, "आज सांगू या. मी येते तुझ्याबरोबर."

रिक्षाने गेलो. मनालीची आई शालू, मूळची रत्नागिरीकडची, जमिनीवर बसून टिकल्यांची पाकिटं भरत होती. मला बघून घाबरून उठली. मनालीने सांगितलं. शालूचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला, आणि तिचा हात उठला. मी मध्ये झाले. तो फटका माझ्या खांद्यावर बसला.

"अगो आई! मॅडम, माफ करा हां," ती रडायलाच लागली. "पण बघा ना, वर्षभर आमच्या डोळ्यांत धूळ टाकली हिने. मी हिच्यासाठी काय नाय केलं!"

"काही टाकली नाही धूळ," मी म्हटलं. "तुम्हाला सांगायची भीती वाटली तिला. आज सांगतेय. आज तिला काही बोलू नका, शालूताई. उद्याही नको. जेवायला वाढा आणि शेजारी बसा. तिला विचारा, कुठून कळेनासं झालं. ती सांगेल तेवढं ऐका. वेळापत्रक करू नका."

शालू मनालीकडे बघत राहिली. मग तिने लेकीचं डोकं ओढून आपल्या पोटाशी धरलं, दोघीही टिकल्यांच्या पसाऱ्यातच बसल्या, आणि मी दाराकडे वळले.

चहा घेतल्याशिवाय तिने सोडलं नाही. कप हातात देताना डोळे पुसत म्हणाली, "तुमच्या घरी बरं असेल, मॅडम. तुम्हाला समजतं सगळं. मुलं किती तुम्हाला?"

"एक मुलगा."

"काय करतो?"

हंसाबेनला, आरोहीला, प्राचार्यांना, आजवर कोणालाच मी हे सांगितलं नव्हतं.

"इंजिनियरिंग सुटलं त्याचं," मी म्हटलं. "वापीला कारखान्यात आहे. चांगलं काम करतो. त्यानेही घरी सांगितलं नव्हतं. सांगायला आला होता, दारापर्यंत."

शालूने मनालीच्या पाठीवरचा हात न काढता विचारलं, "आता बोलतो ना?"

"बोलतो," मी म्हटलं. "बाबांशी बोलतो."